एस्तूच्या टँकमधल्या गोगलगायी

आमच्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये सध्या दोन माणसं, सतरा मासे आणि नक्की किती ते मला सांगता येणार नाही इतक्या गोगलगायी राहतात. मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं आहे, तेव्हा 'सांगता येणार नाही' हे शब्द माझ्या तोंडून सुखासुखी निघालेले नाहीत. मोजून बघितलं. तीनदा. तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठं!

टँक आमचा नाही. आमच्या मुलीचा, एस्तेरचा. घरात ती एस्तू. नर्सिंग झाल्यावर तीन वर्षं ती इथल्याच एका हॉस्पिटलात होती, आणि ड्यूटीवरून आली की चपला काढायच्या आधी टँकपाशी जायची. हॉलमध्ये टीव्हीशेजारी साडेतीन फुटांचा तो काचेचा टँक. आत मातीत लावलेली खरी झाडं, एक लाकडाचा ओंडका, त्यावर हिरवंगार शेवाळ आणि चार जातींचे मासे एकत्र. "याला कम्युनिटी टँक म्हणतात आई," ती मला समजावायची, "म्हणजे सगळ्यांनी एकमेकांना न खाता राहायचं." (सोसायटीच्या वार्षिक सभेत मी हे वाक्य एकदा म्हणून पाहिलं. कोणी मनावर घेतलं नाही.)

मग तिला आयर्लंडमध्ये नोकरी लागली आणि जूनमध्ये ती गेली. जाताना टँकच्या वर भिंतीला कागद चिकटवून गेली. त्यावर दोनच नियम. 'खाणं दिवसातून एकदाच, एक चिमूट. बाहेरचं काहीही आत टाकायचं नाही.' यातला दुसरा नियम मी ऑगस्टमध्ये मोडला. पहिला तर तिचं विमान उडायच्या आधीच मोडला होता.

ती गेल्यावर घर किती रिकामं झालं हे मी फार लिहीत बसत नाही. एवढंच सांगते, की चहा आता दोनच कप टाकायचा हे माझ्या हाताला कित्येक दिवस कळत नव्हतं. रोज संध्याकाळी सात वाजता, तिकडच्या दुपारच्या सुट्टीत, तिचा व्हिडिओ कॉल यायचा. दिवसभर मी त्या सातची वाट बघायची, आणि सात वाजले की आमचं संभाषण असं:

"कशी आहेस?"

"बरी आहे. तुम्ही?"

"आम्ही बरे. जेवलीस?"

"हो."

झालं! दिवसभर साठवलेलं सगळं दीड मिनिटात संपायचं. मग तीच म्हणायची, "टँक दाखवा." आणि टँक दाखवायला घेतला की वीस-वीस मिनिटं कशी जायची कळायचं नाही. तो निळा कुठे दिसत नाही? पानं पिवळी पडली का? पप्पा, फोन जरा खाली घ्या ना! मला मनातून माशांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? पण एक गोष्ट पक्की समजली होती. हा टँक आहे म्हणून पोरगी रोज वीस मिनिटं आपल्या घरात असते. टँक गेला तर 'बरे आहोत' म्हणून फोन बंद. तेव्हा काय वाट्टेल ते झालं तरी टँक जगवायचा, असं मी ठरवून टाकलं.

आणि मग तो मारायच्या मागे लागले.

ऑगस्टमध्ये आमच्या चर्चच्या महिला मंडळाची सहल भंडारदऱ्याला गेली. तिथल्या एका ओढ्यात मला एक पाणवनस्पती दिसली. काय तिची नाजूक पानं! 'एस्तूला आवडेल,' एवढंच डोक्यात आलं. मी ओढ्यात उतरले, घसरले आणि बसले. (अध्यक्षबाईंनी फोटो काढला. तो अजून ग्रुपवर आहे.) पण झाड घेऊनच उठले. पाण्याच्या बाटलीत घालून नगरपर्यंत मांडीवर धरून आणलं आणि घरी आल्या आल्या, न धुता, टँकच्या कोपऱ्यात लावून टाकलं.

संध्याकाळी एस्तूनं विचारलं, "आई, ते कोपऱ्यातलं झाड नवीन आहे का?"

"छे गं! जुनंच. वाढलंय जरा."

"बरं. तो निळा कुठाय?" तिनं विचारलं.

आठवड्याभरानं काचेवर तिळाएवढा ठिपका दिसला. ठिपका चालत होता.

"अहो, बघा तरी, गोगलगायीचं पिल्लू!"

आमच्या ह्यांनी चष्मा लावून पाहिलं. "एकटंच दिसतंय बिचारं."

एकटं! पंधरा दिवसांत त्या बिचाऱ्याचं सगळं गोत काचेवर हजर झालं. सप्टेंबर संपता संपता झाडांची पानं दिसेनात, ओंडका दिसेना आणि माशांना आमच्याकडे बघायचं तर गोगलगायींच्या फटीतून बघावं लागायला लागलं.

आता हे एस्तूला सांगायचं कसं? नियम तिनं भिंतीवर लिहून ठेवलेला, आणि तो मोडला तिच्या मास्तरीण आईनं! मग आम्ही एक व्यवस्था केली. पावणेसातला मी जुनं एटीएम कार्ड घेऊन टँकचा उजवा कोपरा खरवडून स्वच्छ करायची. सातला हे फोन घेऊन बरोबर तेवढ्याच कोपऱ्यावर धरायचे, आणि मी मागे उभी राहून हातवारे करायची. वर, खाली, बस! हे एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. पंचवीस वर्षं स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या आहेत, त्यामुळे यांना सूचना ऐकायची सवय नाही, द्यायची आहे.

"पप्पा, डावीकडे घ्या ना."

"डावीकडे रेंज नाही."

"घरातल्या घरात?"

"सावेडीत सध्या असंच चाललंय!"

शेवटी मी मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे गेले आणि फोटो दाखवला. त्यानं फोटो मोठा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, खायला किती घालता?"

"एक चिमूट. एकदाच."

"मग एवढ्या होत नाहीत. मासे खाऊन जे उरतं ना, त्यावर या वाढतात. कोणीतरी जास्त घालतंय."

"घरात आम्ही दोघंच असतो."

"मग दोघांतलंच कोणीतरी," तो शांतपणे म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी तणतणत घरी आले. राग यायचं कारण उघड होतं. ते 'कोणीतरी' मी होते! सकाळची नियमाची चिमूट मी घालायचीच. पण मग अकरा वाजता, तिकडे आता ती उठत असेल असं मनात आलं की अजून एक. तिची खोली झाडली की एक. बाजारात मेथीची जुडी दिसली (मेथीच्या पराठ्यांवर तिचा फार जीव) की घरी आल्यावर एक. दिवसातून सहा-सात वेळा तरी हात माशांच्या खाण्याच्या डब्याकडे जायचा. तिच्या ताटात तर मला इथून काही वाढता येत नव्हतं ना!

आमच्या घरात पाहुण्याला 'पुरे' म्हणायची सोय नाही. पोळी नको म्हटलं तर अर्धी वाढतात, अर्धी नको म्हटलं तर दोन. मासे तर 'नको'सुद्धा म्हणत नव्हते.

पण माझ्या सहा-सात वेळांचं गणित बसत नव्हतं. वर्षभर पुरेल म्हणून एस्तूनं ठेवलेला डबा तीन महिन्यांत संपला होता. दुसरा निम्म्यावर आला होता. उलगडा झाला तो एका दुपारी. मंडळाची बैठक लवकर संपली म्हणून मी लवकर घरी आले आणि दारातच थबकले. आमचे हे कुजबुजत होते. (यांची कुजबूज चौथ्या फलाटापर्यंत ऐकू जाते.)

"खा गं बाई, खा. तिकडे नुसता पाव खाऊन राहत असशील. घे अजून थोडं."

मी किल्ली फिरवून आत गेले. हे सोफ्यावर पेपर धरून बसलेले. पेपर उलटा होता.

"काय करत होतात?"

"वाचत होतो."

"मोठ्यानं?"

यांनी पेपर सुलटा केला. बोटांना माशांच्या खाण्याचा चुरा तसाच लागलेला होता. मला आधी हसू आलं. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून थोडा वेळ उभी राहिले, कारण हसण्याचं काहीतरी वेगळंच व्हायला लागलं होतं. बाहेरून आवाज आला, "रडायला काय झालं? मासे आहेत, खातात!" आणि पाठोपाठ यांनी नाक शिंकरलं, तेही चौथ्या फलाटापर्यंत.

म्हणजे पोरीची आठवण दोघांना येत होती, एकमेकांपासून लपवून येत होती, आणि पोसल्या जात होत्या गोगलगायी.

त्या दिवसापासून डबा कपाटात कुलपात गेला. दुकानदारानं सांगितलेला उपायही सुरू केला. काकडीची चकती टँकमध्ये ठेवायची, तिच्यावर गोगलगायी जमल्या की चकती अलगद बाहेर काढायची. उपाय उत्तम! पहिल्याच चकतीवर मूठभर जमल्या. पण काढलेल्यांचं करायचं काय? मारायला आमचे हात धजेनात. मी त्या बाल्कनीत बादलीत सोडल्या. संध्याकाळी वाटलं, उपाशी असतील. कोबीचं एक पान टाकलं. दोन आठवड्यांत एका बादलीच्या दोन बादल्या झाल्या, आणि आमच्या गोगलगायींची मुख्य शाखा हॉलमध्ये व उपशाखा बाल्कनीत अशी रीतसर चालू लागली.

अशात सोनईहून माझे थोरले बंधू आले. शमुवेलदादा. ऊस, सोयाबीन, कांदा, सगळं करून बसलेला शेतकरी माणूस. ट्रॅक्टरचा काहीतरी पार्ट घ्यायला शनिवारी आला आणि राहिला. टँकपुढे खुर्ची ओढून बराच वेळ बघत बसला.

"शैले, ह्या तर गोगलगायी हायेत!"

"हो दादा."

"आमच्या सोयाबीनमदी लई झाल्या हुत्या. दोन दिसांत नामोनिशान न्हाई ठिवलं. गुळाच्या पान्यात गोनपाट भिजवायचं अन् टाकून द्यायचं. वासावर येत्यात बघ, खाली ढीग लागतो!"

"दादा, ते शेत. इथे मासे आहेत. तू हात लावायचा नाही."

"न्हाई लावत बाई. मी कशाला लावू?"

दुसऱ्या दिवशी रविवार. दादाचा गुडघा दुखत होता म्हणून तो घरी थांबला आणि आम्ही दोघं उपासनेला गेलो. त्या दिवशी पाळकसाहेब धीर धरण्याविषयी बोलले, आणि फार वेळ बोलले. त्यानंतर कोणाचा तरी वाढदिवस म्हणून केक. घरी यायला एक वाजला.

दार उघडलं तर लाडवांच्या पाकाचा वास! हॉलमध्ये दादा बशीत चहा ओतून निवांत पीत बसलेला, आणि टँकमध्ये गोणपाट. अर्धं आत, अर्धं बाहेर लोंबणारं, टीव्हीच्या टेबलावर टपटप गळणारं. टँकमधलं पाणी आणि दादाच्या बशीतला चहा यांचा रंग अगदी एक होता. एकोणीसच्या एकोणीस मासे पाण्याच्या वर तोंडं काढून हवा गिळत होते.

"दादा! हे काय केलंस?"

"आगं, आर्धा किलोच गूळ घातला. तुझ्याच डब्यातला."

"आणि हवेचा पंप का बंद आहे?"

"लई गुरगुरत हुता, म्हनून बटन दाबलं. पर हे बघ की!" असं म्हणून त्यानं गोणपाट उचलून उलटं केलं. खालच्या बाजूला गोगलगायींचा थर! इतक्या, की गोणपाटाचा रंग दिसत नव्हता. "लागला का न्हाई ढीग?"

उपाय लागू पडला होता, हे मला मान्य करावंच लागेल. आणि तेवढ्यात फोन वाजला. रविवारी एस्तूचा कॉल दुपारीच येतो, रात्रपाळी संपवून घरी आल्यावर. फोन दादाच्या हाताशी होता.

"एस्तू! मी मामा! बरी हाय का तू? काही काळजी करू नगं, तुझ्या आईनं गोगलगायी लई वाढवून ठिवल्या हुत्या, मी बंदोबस्त केलाय. हे बघ!"

आणि त्या भल्या माणसानं फोन सबंध टँकवरून फिरवला. आधी उजवीकडे, मग डावीकडे, जिथे दोन महिने रेंज नव्हती.

मला वाटलं, आता ही रडणार. पण एस्तू वॉर्डातल्या आवाजात बोलली. "मामा, फोन डब्याला टेकवून ठेवा. पप्पा, पंप चालू करा. आई, गोणपाट बाहेर काढ. बादल्या किती आहेत?"

"तीन. पण दोन भरलेल्या आहेत."

"कशानं?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पंपाकडे बघत होते.

"आई, राहू दे. एक आण."

आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, म्हणून घरात कायम एक मोठं पिंप भरलेलं असतं. त्या पिंपाला मी आजवर खूप नावं ठेवली आहेत. पण एस्तूला नेमकं तसंच साठवलेलं, निवळलेलं पाणी हवं होतं. मग साडेचार वाजेपर्यंत गुळाचं पाणी काढायचं, पिंपातलं ओतायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा ओतायचं! दादाचा गुडघा ऐनवेळी बरा झाला आणि त्यानं एकट्यानं वीस-बावीस बादल्या वाहिल्या. ("बाय माझी, मला वाटलं मासं बी गूळ खात्याल," एवढंच तो मधूनमधून म्हणत होता.) दोन मासे गेले. सतरा वाचले. गोगलगायींना काहीही झालं नाही.

त्या साडेतीन तासांत एस्तूनं फोन ठेवला नाही. रात्रभर जागून आलेली पोर, समोर बशीत दोन टोस्ट घेऊन तिथूनच सगळं बघत होती. तिच्यामागे एक छोटी खिडकी होती, खिडकीत तिचा निळा कप. घरात स्वेटर घालून बसली होती. सगळं मी पहिल्यांदाच बघत होते, कारण एरवी आमचा फोन कोपऱ्याकडे आणि आमचे डोळे फोन सरकतो की काय तिकडे.

पाणी जरा स्वच्छ दिसायला लागल्यावर मी ओल्या साडीनं फोनसमोर बसले आणि सगळं कबूल केलं. झाड, न धुणं, सहा-सात चिमट्या, बादल्या, एटीएम कार्ड.

"मला माहितीये," एस्तू म्हणाली.

"काय माहितीये?"

"सगळं. ऑगस्टपासून. ते झाड मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. आणि आई, गोगलगायी चालतात गं. कोपऱ्यात येतातच ना!"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही फोन टँककडे धरता ना, तेव्हा काचेत तुम्ही दोघं दिसता. पप्पा बनियनवर, आणि तू मागून त्यांना खुणा करतेस, ते ऐकत नाहीत, मग तू डोक्याला हात लावतेस. मी तेच बघत असते. मासे इथेही मिळतात. समोर बसलात की दोन मिनिटांत 'ठेवू का?' म्हणता."

हे पलीकडे बादली घेऊन उभे होते. बादली रिकामी होती तरी यांनी ती खाली ठेवली नाही.

"आणि मलाही एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "नाताळला सुट्टी नाही मिळाली. कळून पंधरा दिवस झाले. टँक बघता बघता सांगीन म्हणत होते."

मी 'असू दे गं, त्यात काय' म्हणाले. बरंच मोठ्यानं म्हणाले. दादानं तोंड फिरवून उगीचच पुन्हा एक बादली भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सातला कॉल आला. "आज टँक नको," एस्तू म्हणाली. "फोन तुमच्याकडे फिरवा आणि दोघं समोर बसा. मला तुम्हाला बघायचंय."

आम्हाला अंदाज होताच. मी इस्त्रीची साडी नेसले होते, ह्यांनी निवृत्तीच्या समारंभाचा शर्ट घातला होता. फोन टेबलावर उभा करून आम्ही सोफ्यावर शेजारी शेजारी बसलो, आधार कार्डाच्या फोटोला बसतात तसे.

"कशी आहेस?"

"बरी आहे. तुम्ही?"

"आम्ही बरे. जेवलीस?"

"हो."

ती आमच्याकडे बघत होती, आम्ही तिच्याकडे. डोळ्यांखाली काळं दिसत होतं तिच्या. केस कापले होते, कधी कापले कोण जाणे. मला म्हणायचं होतं की तू नाहीस तर घर खायला उठतं. मला म्हणायचं होतं की नाताळला नाही तर ईस्टरला ये, पण ये. सगळं अगदी ओठांवर आलं होतं. ह्यांनी घसा खाकरला आणि कोपरानं मला ढोसलं, तू बोल म्हणून. मी पदर सारखा केला, खोल श्वास घेतला, तिच्या डोळ्यांत नीट बघितलं आणि म्हणाले, "थांब, गोगलगायी दाखवते!"